जमनीला हातात पैसे हवे होते

जमनीकडे तराजू आहे, पितळी पारड्यांचा. पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. ती स्वतः मूठ भरते, हात एकदा खालीवर करते आणि सांगते, "पाव झाला." मी तीनदा भाजी घरी आणून वजन करून पाहिलं. तिन्ही वेळा पाव. चौथ्यांदा करणं मलाच कमीपणाचं वाटलं, म्हणून सोडून दिलं.

घाटंजीच्या आठवडी बाजारात भाजीची ओळ संपते आणि बांगड्यांची सुरू होते, त्या मधल्या जागेत ती बसायची. पावसाळ्यात रानातल्या भाज्या, थंडीत बोरं, उन्हाळ्यात चारोळीची फळं, म्हणजे चारं, आणि मोह. बाकीचे दिवस दुसऱ्याच्या वावरात निंदण, नाहीतर कापूस वेचणी. बेचाळीस-त्रेचाळीस वय, उंच, लांब टांगा टाकत चालणारी, हनुवटीवर गोंदण. बाजारातल्या बाकीच्या बाया गिऱ्हाइकाला हाका मारतात, ही मारत नाही. घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढे चला, असं तोंड. आमचं जमलं ते त्यामुळेच. गोड बोलणाऱ्या माणसांचा मला संशय येतो.

तिचा नवरा धावजी जिनिंगमध्ये हमाल होता. चार वर्षांपूर्वी कापसाच्या गाठी चढवताना ट्रकवरून पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. मागे जमनी आणि एकुलती एक अंजू. धावजीचा थोरला भाऊ शंकरसिंग, म्हणजे जमनीचा जेठ, त्याच्या घराला लागून असलेल्या एका खोलीत या दोघी राहायच्या. तांडा घाटंजीपासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. नाव लिहीत नाही. त्या मुलीला अजून कुणी शोधत येऊ नये म्हणून.

आता माझं. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली अठरा कॅश काउंटरवर. अनुदानाचे पैसे घेऊन माणूस बाहेर पडतो आणि समोरच्या दारूच्या दुकानापर्यंत पोचायला त्याला किती मिनिटं लागतात, ते मी काचेच्या आतून पाहिलेलं आहे. निवृत्तीनंतर आम्ही पाच-सहा जणींनी गरजू घरांना मदत करायला मंडळ काढलं, तेव्हा पहिला नियम मीच लिहून दिला: मदत वस्तूंच्या रूपात. रोख नाही, कुणालाही नाही. नियम माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडायला लागले तर तुम्ही मला थांबवाल.

पोळा झाल्यावर चार दिवसांनी जमनी पहिल्यांदा माझ्या घरी आली. चपला पार फाटकाबाहेर काढून आली आणि ओसरीत जमिनीवर बसायला लागली.

"खुर्चीवर बस," मी म्हटलं. "माझे गुडघे दुखतात, मी खाली वाकून बोलणार नाही."

ती बसली. लगेच मुद्द्यावर आली. "अंजूचा नंबर लागला ताई, यवतमाळले. नर्सिंगले. फी सरकार भरते म्हणते. पण मेसचे आन डिपॉझिटचे नऊ हजार आगुदर भरा लागते. सत्तावीस तारखेच्या आत."

"छान झालं की. मग?"

"मग काही छान नाही. माया जेठानं उमरखेडकडे तिची गोष्ट काढली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न करून टाकू म्हणते."

अंजू तेव्हा सतरा वर्षं आणि सात महिन्यांची. उमरखेडकडची ती मंडळी ऊसतोडीला जाणारी. ऊसतोडीत एकट्या माणसाला कोणी नेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. त्या घरातला मुलगा वीस वर्षांचा, धडधाकट, पण एकटा. त्याची जोडी व्हायला हवी होती, आणि दसऱ्यानंतर टोळ्यांच्या गाड्या निघतात. इतकी साधी गोष्ट. आणि शंकरसिंगला धावजीची खोली रिकामी हवी होती. तीही साधीच गोष्ट.

"मले नऊ हजार पाह्यजे," जमनी म्हणाली. "हातात."

"आमचं मंडळ रोख देत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तुमच्याकडे आली, मंडळाकडे नाही."

"मी म्हणजेच मंडळ. आपण अंजूला हॉस्टेलला लागणारं सगळं सामान देऊ. ते पैसे तुझे वाचले, ते तू भर."

"वाचाले आधी पैसे असा लागते न ताई." ती हसली नाही. "सामान नोको. सामान दिसते."

"दिसतं म्हणजे? दिसणारच. त्यात लाज कशाची?"

तरोट्याची भाजी आणि नुसतं गवत यातला फरक न कळणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती जसं बघते, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. आतून आमच्या नीळकंठरावांनी आवाज दिला, "देऊन टाक गं, नऊ हजारच तर आहेत."

"तुम्ही तुमचं शब्दकोडं सोडवा," मी म्हटलं. ते मुकाट्यानं सोडवायला लागले. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं एकदा तरी माझं ऐकायला नको होतं. तो दिवस तेवढा हवा होता.

मंडळाची बैठक उज्ज्वलाच्या घरी. ती डॉक्टरांची बायको, आमची सेक्रेटरी. कामाला वाघीण, पण फोन हातातून सुटत नाही. अंजूचं ऐकून तिच्या डोळ्यात खरोखर पाणी आलं. लगेच यादी झाली: पत्र्याची मोठी पेटी, कुलपासकट. गादी, दोन चादरी, बादली, स्टीलचं ताट-वाटी-तांब्या, पंजाबी ड्रेस दोन, एक घड्याळ. किंमत नऊ हजारांच्या बरीच वर गेली. मी मध्येच म्हणालेसुद्धा, "त्यापेक्षा कॉलेजच्या नावानं चेक काढून देऊ या का?"

"चेकचा काय फोटो काढणार, शीलाताई?" उज्ज्वला म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

द्यायचं कसं, तेही ठरलं. आमच्यात कुठलीही वस्तू कुंकू लावून, हातात नारळ ठेवूनच देतात. शिलाई मशीन दिलं तरी कुंकू, म्हातारीला चष्मा दिला तरी कुंकू. आणि पेढे नकोत, असं उज्ज्वलाचं मत. तांड्यातल्या बायकांचं हिमोग्लोबिन सात-आठच्या वर नसतं, म्हणून गूळ-शेंगदाण्याचे लाडू. तिनं शंकरसिंगला फोन करून कार्यक्रम कळवला. फोन ठेवून आम्हाला सांगितलं, "किती अदबीनं बोलतो गं. लाडू गुळाचे म्हटल्यावर म्हणाला, फार चांगलं ताई, गूळच आणा, पेढे नोका आणू."

मला तेव्हा काहीही खटकलं नाही. एक गोष्ट मात्र आठवते: त्याला लाडवांचं एवढं काय, असं मनात आलं होतं आणि मी तो विचार झटकून टाकला होता.

गौरी गेल्यावर दोन दिवसांनी आम्ही तांड्यात गेलो. मंदिरासमोरच्या ओट्यावर सतरंजी घातलेली, खुर्च्या मांडलेल्या, म्हातारी माणसं आधीच येऊन बसलेली. शंकरसिंग पंचावन्नचा असेल, पांढरा सदरा, इस्त्रीचा. हात जोडून म्हणाला, "या ताई. आमचा तांडा पवित्र झाला."

जमनी दिसेना. मग दिसली, खांबाच्या आड, डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. जेठासमोर बाई तोंड दाखवत नाही आणि बोलतही नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं, एवढंच. उपयोग काही केला नाही त्या माहितीचा.

अंजू मात्र खूश होती. शिडशिडीत, जमनीसारखीच उंच. पेटीवरून हात फिरवत होती, कडी उघडून बघत होती. मी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. उज्ज्वला म्हणाली, "शीलाताई, हात तसाच ठेवा जरा," आणि फोटो काढला. नारळ अंजूच्या ओंजळीत. मागे पेटी, पेटीवर गादी, गादीवर भांडी. लाडू फिरले. म्हाताऱ्या माणसांनी एकेक उचलला, कपाळाला लावला आणि सावकाश खाल्ला. कुणी बोलत नव्हतं. लाडू खाताना माणसं काहीतरी बोलतात, चांगला झालाय, गोड झालाय. इथे नुसतं चावल्याचा आवाज.

मग एका म्हातारीनं गायला सुरुवात केली. त्यांच्या गोरमाटी बोलीत, लांबलचक सूर, शेवटाला खाली पडणारा. आणखी दोघींनी तिच्या गळ्यात हात घालून सूर धरला. मला शब्द कळत नव्हते, पण ते गाणं कमी आणि रडणं जास्त होतं. अंजूचा पेटीवरचा हात थांबला. ती आईकडे बघायला लागली.

"किती सुंदर लोकगीत!" उज्ज्वला म्हणाली आणि व्हिडिओ घ्यायला पुढे सरकली.

निघताना शंकरसिंगनं पेटीच्या दोन्ही किल्ल्या अंजूच्या हातून घेतल्या. "पोरीबाळीच्या हातून हरवते. मी ठेवतो सांभाळून." गाडीत बसताना मी मागे वळून पाहिलं. जमनी ओट्याच्या कडेला उभी होती. मुठीतला लाडू तिनं खाल्ला नव्हता. तिनं तो कुत्र्यापुढे टाकला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, राग आला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या रागाला निमित्तही मिळालं. जमनीच्या गोणपाटावर भाजी नव्हती. आमची बादली होती. आमचं ताट, वाटी, तांब्या, दोन्ही चादरी, वेष्टणातल्या. निम्म्या भावात चालली होती.

बाजारात आवाज चढवणं मला येतं. "लाज नाही वाटत? बायकांनी पैपैसा जमवून घेतलेलं सामान आहे हे! आठ दिवस नाही झाले आणि विकायला काढलंस? उद्या कुणाला मदत करायची का आम्ही?" बांगडीवाली बेबीताई दुकान सोडून ऐकायला आली.

जमनीनं मला पूर्ण बोलू दिलं. "झालं? आता बसा."

"मी नाही बसत."

"मंग उभ्यानं ऐका. आमच्यात पोरगी देली का पंचासमोर गूळ वाटते. पोरीच्या हातात नारळ. पंचानं गूळ खाल्ला का मंग ती गोष्ट बदलत नाही. तुम्ही सगळंच देलं. कुंकू लावलं, नारळ देला, गूळ देला, वरून आंदण बी देलं. म्हाताऱ्यायनं पाठवणीचं गाणं बी म्हटलं. आंदण नाही म्हणूनच ते उमरखेडवाले आडून बसले होते. जेठानं त्याच दिवशी तुमचा फोटो त्याईले धाडला. पाहा म्हणे, शयरातल्या बायाच घेऊन आल्या."

मी बसले. खाली, गोणपाटाच्या कडेला. गुडघे दुखले असतील, आठवत नाही.

"तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"जेठासमोर?"

"मग माझ्या घरी आली होतीस तेव्हा?"

"सांगतलं न मी. सामान दिसते म्हणून. पैसा दिसत नाही. कंबरेले बांधला का कोणाले समजत नाही." तिनं बादली जरा पुढे सरकवली, कुणीतरी भाव विचारत होतं. "मले वाटलं तुमाले समजलं. तुम्ही त शिकेल आहा न."

दुसऱ्या दिवशी मी ऑटो करून एकटीच तांड्यात गेले. शंकरसिंग लिंबाखाली बसला होता. मी सरळ सांगितलं, मुलगी अठरा वर्षांची नाही, हा गुन्हा आहे, मी पोलिसात जाईन. त्यानं शांतपणे घरातून चहा मागवला. मग खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

"पाहा बरं ताई. हे कोण आहे?"

फोटोत माझा हात अंजूच्या कपाळावर होता. मी हसत होते.

"पोलीस आले त मी हाच दाखवीन. आमी अडाणी माणसं. शयरातल्या शिकेल बायांनी पोरीले कुंकू लावलं, गूळ वाटला, आमी हो म्हटलं. व्हिडिओ बी आहे, तुमच्याच मॅडमनं धाडला." तो खरोखर मनापासून हसला. "चहा घ्या न, थंडा होऊन राह्यला."

घरी येऊन उज्ज्वलाला सांगितलं. तासाभरात मंडळाचा ग्रुपच तिनं बंद केला. "डॉक्टरांचं नाव खराब होईल हो. शीलाताई, तुम्हीही आता त्यात पडू नका. आपण आपलं चांगल्या मनानं दिलं." बाकीच्यांचे फोन लागेनात. मी तरीही पोलिसांना कळवणार होते. जमनीनंच थांबवलं. बाजारात, भाजी निवडता निवडता, ओठ न हलवता म्हणाली, "गाडी येईन आन जाईन. पोरीले त्याच दिवशी उमरखेडले पोचवतीन. आधी तिले तिथून निंगू द्या."

तोवर तिच्या शेजारी तिची जेठाणी, शंकरसिंगची बायको चंदाबाई, बसायला लागली होती. नुसती बसायची. काही विकायची नाही.

शेवटी मी बँकेत गेले, माझ्या स्वतःच्या खात्यातून नऊ हजार काढले आणि एका जुन्या ब्लाउज पीसमध्ये घडी घालून घेतले. सत्तावीस तारखेला पाच दिवस राहिले होते. बाजारात जमनीसमोर उभी राहून मी जुडी उचलली.

"वीस रुपये? डाका घालतेस काय?"

"घ्याचं त घ्या. हात लावून लावून पाला नोका खराब करू."

"बोलणं बघा हिचं! आणि हा ब्लाउज पीस घे. रंग गेलाय, पुसायला होईल."

चंदाबाईनं कापडाकडे पाहिलं. रंग गेलेलाच होता. तिनं मान फिरवली. जमनीनं घडी तळहातावर घेतली आणि हात एकदा, जेमतेम, खालीवर केला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी माय-लेकी विळे घेऊन निंदायला निघाल्या. अंजूच्या हातात भाकरीची थैली, तिच्या तळाशी दहावी-बारावीच्या मार्कशीटा. वावराच्या वाटेनं त्या रस्त्याला लागल्या आणि यवतमाळच्या बसमध्ये बसल्या. पेटी खोलीत दर्शनी भागात होती, वर गादी, तशीच. संध्याकाळपर्यंत कुणाला शंका आली नाही. आंदण घरात आहे म्हणजे पोरगी घरात आहे, असंच सगळे समजून चालले. आमच्या त्या सामानाचा झाला तो एवढा एक उपयोग.

जमनी अंजूला हॉस्टेलला सोडून त्याच दिवशी परत गेली. मी म्हटलं होतं, तूही राहा यवतमाळला, काहीतरी बघू. ती म्हणाली, दोघी गेलो तर दोघींना शोधतील. तांड्यात त्या दिवशी तिचं काय झालं, ते मला माहीत नाही. पुढच्या बाजारात डावा हात पदराखाली होता. "पडली," म्हणाली. तिनं सांगितलं तेवढंच मी लिहिते.

दसऱ्याच्या आधी शंकरसिंग आमच्या ओसरीवर आला. खुर्ची दिली ती घेतली नाही.

"पोरगी कुठं ठेवली, मी विचारत नाही ताई. शिकू द्या. पण तिकडं कोयत्याले जोडी पाह्यजे. माणूस कमी पडलं त माणूस द्याच लागते. शब्द देला आहे न आमी." जाताना फाटक नीट लावून गेला. कडीसुद्धा.

दसऱ्याच्या बाजारात जमनीनं गोणपाट पसरलंच नाही. नुसती उभी होती.

"मी जाऊन राह्यली ऊसाले. त्या पोराच्या जोडीनं."

"वेडी आहेस का? तू का म्हणून?"

"मी गेली त ते अंजूले शोधणार नाही. बोलणं झालं तसं." मग तिला थोडं हसू आलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. "तांड्यातल्या बाया म्हणते, जावई भेटला नाही त सासूच चालली. चार-पाच महिने त आहेत. पाडव्याले येतो."

"पैसे देते, त्यांना देऊन मोकळी हो."

"त्याईले पैसे नाही पाह्यजे ताई. त्याईले माणूस पाह्यजे." ती जायला वळली आणि परत आली. "अंजूले सांगू नोका. वेचणीले गेली म्हणून सांगजा."

पहिल्या दोन महिन्यांत दोनदा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. तिकडे पश्चिमेला, कारखान्याच्या गावाचं नाव सांगितलं. तिसरा फोन संक्रांतीला. "ताई, अंजू जेवते न?" एवढंच विचारलं. मी हो म्हणते तोच मागून पुरुषाचा आवाज आला, "बस झालं." त्या नंबरवर मी नंतर किती वेळा फोन केला याची गणती नाही. आधी वाजायचा. आता वाजतही नाही.

पाडवा होऊन तीन आठवडे झाले. उमरखेड-महागावकडच्या टोळ्या परत आल्या. मी शंकरसिंगला फोन केला, मुकादमाचा नंबर मागितला, त्यानं लगेच दिला. मुकादम म्हणाला, बाई फेब्रुवारीतच दुसऱ्या टोळीत गेली. कुठल्या? माहीत नाही. त्या मुलाचं काय? तो आला परत, त्याचं लग्न ठरलं. ठाण्यात गेले. हवालदारानं वही उघडली आणि विचारलं, "बेपत्ता बाई तुमची कोण?"

"मी तिची गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. त्यानं पेन खाली ठेवलं. मी साहेबांना गाठलं, अर्ज लिहून दिला, पोच घेतली. पुढे काय, ते विचारायला दर दोन दिवसांनी जाते. आता मला बघितलं की चहा सांगतात.

काल दुपारी शंकरसिंग पिकअप घेऊन आला. मागे पेटी होती. आमचीच, मंडळाची. त्यानं आणि ड्रायव्हरनं ती उतरवून ओसरीत ठेवली.

"जमनीची आहे. खोली लागते आमाले आता, पोराचा संसार मांडाचा आहे."

"ती कुठे आहे?"

"येईन न," तो म्हणाला. "गेलेलं माणूस येतेच." किल्ल्या त्यानं कठड्यावर ठेवल्या, दोन्ही.

मी पेटी उघडली. गादी नव्हती, घड्याळ नव्हतं. अंजूच्या दोन्ही ड्रेसची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. जमनीच्या तीन साड्या. आणि तळाशी, गोणपाटात गुंडाळलेला तिचा पितळी तराजू. नीळकंठराव माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "परत येणाऱ्या बाईचा तराजू कोणी असा पाठवून देईल का?" या वेळी त्यांना शब्दकोड्याकडे पाठवण्याची माझी हिंमत नव्हती.

आज सकाळी अंजूचा फोन आला. मी पाठवलेले मेसचे पैसे मिळाले म्हणाली, परीक्षा पुढच्या महिन्यात म्हणाली. मग विचारलं, "आजी, माझी याडी आली का?" आईला ती याडी म्हणते.

"नाही गं अजून. वेचणी लांबली यंदा."

एप्रिल महिना चालू आहे. वावरात कापसाची पऱ्हाटी उपटून झाल्याला दोन महिने होऊन गेले. ती पोरगी कापसातच वाढली आहे, तिला काय सांगत होते मी? मग तिनं विचारलं, "आजी, तुम्ही तिला आणाल न?" आणि मी हो म्हणाले.

उद्या सकाळच्या गाडीनं निघते आहे, त्या कारखान्याच्या गावाला. एकाहत्तर वर्षांची आहे, माहीत आहे. शेताशेतातून विचारत जाईन, तिच्या उंचीची बाई लोकांच्या लक्षात राहते. अर्जाची पोच घेतली आहे, तिचा एक फोटो घेतला आहे. तोसुद्धा त्याच दिवशीचा, खांबाच्या आडचा, पदराखाली चेहरा. दुसरा फोटोच नाही तिचा कुणाकडे. नीळकंठराव दारात उभे राहून विचारत आहेत, सामान काय काय भरायचं.

काही भरू नका म्हटलं. पैसे तेवढे कमरेला बांधले आहेत.